कुलवृत्तांतातली गाळलेली कुळं

गेल्या मे महिन्यात आमच्या कुलमंडळाचं स्नेहसंमेलन झालं. पुण्यातलं एक मंगल कार्यालय, दाराशी गुलाबपाणी, आत गेल्यावर छातीला लावायचा बिल्ला. बिल्ल्यावर नाव, त्याखाली घराण्याचा क्रमांक, त्याखाली पिढीचा आकडा. मी सतरावी पिढी निघाले. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे उभी असलेली आठ वर्षांची मुलगी सोळावी पिढी होती, म्हणजे नात्यानं माझी आत्या. यावर सगळे खूप हसले, मीही हसले. असं काही कळलं की गंमत वाटते, हे मी नाकारत नाही.

मग शाखांचे अहवाल झाले. मुंबई शाखा, नाशिक शाखा, नागपूर शाखा, परदेशस्थ शाखा. सभासदांना काय काय मिळतं तेही सांगून झालं. कुलवृत्तांत सवलतीच्या दरात, फोन नंबरांची सूची, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, कुलदैवताच्या यात्रेची बस, गरजू कुलबंधूंच्या मुलांना शिष्यवृत्ती. टाळ्या वाजल्या. मी तोवर विक्रीच्या टेबलावरचा जाडजूड ग्रंथ उघडून आमच्या घराचं पान काढलं होतं.

आजोबांच्या नावापुढे तीन अपत्यं होती. आजोबांना चार अपत्यं होती.

गाळली गेलेली माझी आत्या. तिनं १९८३ साली जातीबाहेर लग्न केलं. मी कार्यवाह काकांना विचारलं. ते म्हणाले, "अगं बाळ, त्यांच्याकडून माहितीच आली नव्हती." आत्यानं माहितीचा फॉर्म भरून रजिस्टर पोस्टानं पाठवला होता. पोचपावती अजून तिच्या कपाटात, लग्नाच्या फोटोंच्या पाकिटात आहे. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत बघू." आधीची आवृत्ती आणि ही आवृत्ती यांच्यात एकोणतीस वर्षांचं अंतर आहे. आत्या आज सदुसष्ट वर्षांची आहे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की हा लेख आत्याच्या नावाबद्दल आहे. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण घरी येऊन तेच पान पुन्हा वाचलं, तेव्हा खाली एक वाक्य दिसलं. पणजोबांच्या माहितीत लिहिलं होतं: 'गावी खोती होती. पुढे कुळकायद्यात जमिनी गेल्या.'

गेल्या. कुणाकडे?

एक शब्द, दोन माणसं

मराठीत 'कुळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे वंश, घराणं. दुसरा म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी. पहिल्या कुळाचा वृत्तांत लिहायला मंडळ असतं, शाखा असतात, छापील ग्रंथ असतो. दुसऱ्या कुळाच्या नावानं कायदा आहे.

कोकणात खोत म्हणजे सरकार आणि रयत यांच्यामधला माणूस. गावाचा सारा गोळा करायचा, सरकारला ठरलेला भरायचा, मधलं आपलं. कुळानं पिकाचा वाटा द्यायचा, वर वेठ. या पद्धतीविरुद्ध अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांनी १९३३ ते १९३९ अशी वर्षानुवर्षं जमिनी न कसता संप केला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन आले. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ साली. कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन', ज्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं.

हा आमच्या घराण्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस असणार. चारशे वर्षांच्या वृत्तांतात घराण्याची आर्थिक स्थिती एवढी एका दिवसात बदलल्याचं दुसरं उदाहरण मला सापडलं नाही. आणि ग्रंथात त्याला चार शब्द. पणजोबांचं कीर्तनाचं वेड, त्यांची पगडी, त्यांनी नाशिकला केलेली यात्रा, यांना अर्धं पान. ज्यांनी तीन पिढ्या ती जमीन कसली, त्यांच्यातल्या एकाचंही नाव नाही. आमच्या कुळाच्या वृत्तांतात आमची कुळं नाहीत.

माझा मुद्दा एका ओळीत सांगते. आपल्याकडे कुटुंबाच्या इतिहासाची म्हणून जी मंडळं आहेत, ती आडनावाची मंडळं आहेत. आडनावावर उभं केलेलं मंडळ ज्याच्याकडे आधीच कागद आहे त्याला आणखी एक कागद देतं, आणि ज्याला कागदाची खरी गरज आहे त्याला दारातूनच परत पाठवतं. अशा मंडळाच्या शाखा कितीही वाढल्या, अगदी ऑस्ट्रेलियापर्यंत गेल्या, तरी उपयोग नाही. शाखा हवी ती तालुक्याची.

एका पानावरची एकवीस घरं

कागदाची गरज म्हणजे काय, हे मला हॉस्टेलवरच्या मैत्रिणीमुळे कळलं. ती कोणत्या जातीची ते मी इथं लिहीत नाही. तो तिचा कागद आहे.

महाराष्ट्रात राखीव जागेवर प्रवेश किंवा नोकरी घ्यायची तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी तुमचं घराणं एका ठरलेल्या तारखेच्या आधीपासून इथं राहत होतं, असा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. सोबत प्रतिज्ञापत्रावर वंशावळ. आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, त्यांची मुलं, आणि कुणाकडे जुना कागद असेल तर तो.

आम्ही वंशावळ काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावतो. तिच्या वडिलांनी ती स्टँपपेपरवर, वेळेच्या मुदतीत, कुठं एखादी वेलांटी चुकली तर दक्षता पथक काय म्हणेल या धास्तीत लिहिली.

तिच्या मामाकडे वैधता प्रमाणपत्र होतं. ते चाललं नाही, कारण रक्तनातं वडिलांकडचं हवं. म्हणजे आमचं मंडळ आणि सरकारी समिती यांचं निदान एका गोष्टीवर एकमत आहे. पहिल्या वर्षी मुदतीत प्रमाणपत्र मिळालं नाही आणि तिची जागा गेली. वर्षभर ती घरी बसली. वडील रोजंदारी बुडवून तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये खेटे घालत राहिले. तिथं उत्तर ठरलेलं होतं: "आडनाव सांगा."

अडचण हीच होती की आजोबांना आडनाव नव्हतं.

शेवटी कागद सापडला तो जिल्हा परिषदेच्या शाळेत. शेजारच्या आळीतला एक जण स्वतःच्या आजोबांची नोंद शोधायला गेला होता. १९४६ चं जनरल रजिस्टर, कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्याला आपल्या आजोबांच्या नावाखाली तिसऱ्या ओळीत एक ओळखीचं नाव दिसलं. दोन्ही आजोबा एकाच दिवशी शाळेत दाखल झाले होते. त्यानं फोटो काढून पाठवला. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव. आडनावाची जागा कोरी.

मैत्रिणीनं तो फोटो मला दाखवला तेव्हा मी पानावरची नावं मोजली. एकवीस. म्हणजे ते एक पान एकवीस घरांचा पुरावा आहे. त्या एकवीस घरांतली माणसं एकेकटी जातात, एकेकटा अर्ज करतात, एकेकट्या दलालाला पैसे देतात आणि तेच पान एकवीस वेळा शोधतात. त्यातल्या बऱ्याच जणांना ते सापडतही नाही.

इथं मंडळ हवं होतं. आमच्या मंडळाकडे सगळं आहे: माहिती गोळा करण्याची पद्धत, फॉर्म, पिढीचे तक्ते, मोडी वाचणारे निवृत्त काका, स्कॅनर, देणगीदार. फक्त ते त्या शाळेत कधी गेले नाहीत, कारण त्या रजिस्टरात आमचं आडनाव नव्हतं.

आडनाव हा कच्चा धागा आहे

आडनावावर इतिहास उभा करण्यात तीन घोटाळे आहेत.

पहिला घोटाळा आत्ताच सांगितला. जुन्या कागदांत गरिबाला आडनाव नसतं. नाव, बापाचं नाव, जात आणि गाव, एवढ्यावर त्याची ओळख संपते. पुढे शाळामास्तरनं एखादं आडनाव लावलं, मुंबईला गिरणीत लागताना मुकादमानं दुसरं लिहिलं, कुणी स्वतःहून बदललं. दोन सख्ख्या भावांच्या मुलांची आडनावं वेगळी असलेली घरं तुम्हालाही ठाऊक असतील. टिकणारी खूण गावाची. आपली निम्मी आडनावं तेच सांगतात. 'कर' लागला की तो गावाचा पत्ता. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांकडे पाहा: पेणकर, रोहेकर, किहीमकर. धर्म वेगळा, पण ओळख सांगायची रीत तीच, गावाची.

दुसरा घोटाळा बायकांचा. लग्नानंतर आडनाव बदललं की बाई एका वृत्तांतातून बाहेर पडते आणि दुसऱ्यात कुणाची तरी पत्नी म्हणून दाखल होते. तिची मुलं माहेरच्या ग्रंथात नाहीत. आजीची आई कोण होती, हे विचारा. मला माझ्या बापाच्या बाजूनं सतरा पिढ्या येतात आणि आईच्या आईच्या आईचं माहेरचं नाव येत नाही. हा इतिहास आहे का? महाराष्ट्र सरकारनंसुद्धा १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहायचं ठरवलं. आमचं मंडळ अजून 'माहिती आली नव्हती' इथं थांबलं आहे.

तिसरा घोटाळा साधा, कामकाजाचा. कागद आडनावानं लावून ठेवलेलेच नसतात. फेरफार गावाचे असतात. गाव नमुना चौदा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ती जन्ममृत्यूची नोंदवही गावाची असते. शाळेचं रजिस्टर गावाचं. महार वतनाच्या जमिनी, सातबारावर ज्यांना इनाम वर्ग सहा-ब म्हणतात, त्यांच्या वारसांच्या नोंदी गावाच्या. दक्षिण महाराष्ट्रात फिरणारे हेळवी दारात येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात, तेही गावं वाटून घेऊनच. आणि कुलवृत्तांतवाले स्वतः ज्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवर विसंबतात, त्यांच्याकडे गेलात तर आधी विचारलं जातं: मूळ गाव कोणतं?

सगळे दप्तरवाले गावानं शोधतात. आडनावानं शोधणारे आम्हीच.

दुसरीकडे शाखा म्हणजे काय

लंडनला वंशावळीच्या अभ्यासकांची सोसायटी १९११ साली निघाली. तिचा आरंभ वजनदार घराण्यांच्या वर्तुळातला. पण पुढच्या काळात इंग्लंडमध्ये जी कुटुंब-इतिहासाची मंडळं फोफावली, ती परगण्यापरगण्याची. १९७४ साली त्यांचा महासंघ झाला. या मंडळाचा सभासद व्हायला विशिष्ट आडनाव लागत नाही. तुमचे पूर्वज त्या परगण्यात राहत होते, किंवा तुम्ही आज राहता, एवढं पुरतं. सभासद रविवारी दफनभूमीत जाऊन थडग्यांवरचे लेख उतरवून घेतात, चर्चच्या नोंदवह्यांची सूची करतात. आपल्या पूर्वजाची आणि शेजाऱ्याच्या पूर्वजाची नोंद एकाच बैठकीत उतरवली जाते, कारण ती एकाच पानावर असते.

त्याहून मोठा धडा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा. तिथं १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी केली गेली. त्या यादीत मालकाचं नाव आहे आणि त्याखाली माणसं: वय, लिंग, वर्ण. जवळपास सगळीकडे नाव नाही. गुलामीतून सुटलेल्या माणसाचं नाव जनगणनेत सरसकट येतं ते १८७० साली. त्यामागं जायचं तर भिंत. आमच्या ग्रंथातलं 'कुळकायद्यात जमिनी गेल्या' हे वाक्य वाचताना मला त्या यादीची आठवण झाली. दोन्ही व्यवस्था सारख्या होत्या, असं मी म्हणत नाही. नोंद लिहिणाऱ्याची नजर मात्र सारखी आहे: मालकाचं नाव वर, बाकीचे त्याच्या मालमत्तेच्या तपशिलात.

या भिंतीपुढे त्या लोकांनी काय केलं? १९७७ साली त्यांनी आफ्रिकन-अमेरिकनांच्या इतिहास आणि वंशावळीची स्वतःची सोसायटी काढली. वॉशिंग्टनमध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या आज वेगवेगळ्या राज्यांत स्थानिक शाखा आहेत. २०१५-१६ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी यादवी युद्धानंतरच्या 'फ्रीडमन्स ब्युरो'च्या कागदांवरची सुमारे १८ लाख माणसांची नावं वाचून, टाइप करून सूचीत आणली. शिधा, मजुरीचे करार, लग्नाच्या नोंदी, दवाखान्याचे कागद. आता ती कुणीही फुकट शोधू शकतं.

आणि घराजवळचं उदाहरण हवं तर मॉरिशसचं. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून, रत्नागिरीच्या बाजूनं, उसाच्या मळ्यावर करारानं गेलेल्या मराठी मजुरांच्या नोंदी तिथल्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. जहाज, वय, बापाचं नाव, जात, गाव. पुढच्या काळातल्या मजुरांचे फोटोसुद्धा. जो मळ्यावर राबायला गेला, त्याच्या पणतवाला त्याचा चेहरा बघता येतो. जो भाऊ गावात राहून आमच्या पणजोबांच्या जमिनीवर राबला, त्याचं नाव आमच्या पाचशे पानांत नाही.

आक्षेप, आणि माझी उत्तरं

संमेलनानंतर घरच्या ग्रुपवर मी हे थोडक्यात लिहिलं, तेव्हा तीन आक्षेप आले. ते खोडसाळ नव्हते.

एक: "आम्ही आमच्या घराण्याचा इतिहास लिहिला, त्यात दुसऱ्यांचं काय? त्यांनी त्यांचा लिहावा." खरंच, कुलवृत्तांत लिहिणाऱ्या जुन्या माणसांबद्दल मला आदर आहे. संगणक नव्हता तेव्हा पोस्टकार्डं पाठवून, एस.टी.नं गावोगाव जाऊन, उपाध्यायांच्या वह्या ताडून त्यांनी हे काम केलं. इतकी चिकाटी माझ्यात नाही. पण 'त्यांनी त्यांचा लिहावा' हे म्हणताना आपण विसरतो की लिहायला लागणारे कागद खोताच्या, कुलकर्ण्याच्या, देशमुखाच्या हातात होते. गावचं दप्तर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, त्यांनी आता फक्त आपली पानं फाडून घेऊन जाऊ नये. वाड्याच्या माळ्यावरचे मोडी कागद आमचे एकट्याचे नाहीत. त्यांत गावाची नावं आहेत.

दोन: "गावातल्या जुन्या नोंदी उघड केल्या तर कुणाची जात काय ते सगळ्यांना कळेल. भांडणं होतील." हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. इंग्लंडमध्ये जनगणनेचे कागद शंभर वर्षांनी खुले होतात, अमेरिकेत बहात्तर वर्षांनी. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानं व्यक्तीची माहिती गोपनीय आहे आणि ते योग्यच आहे, कारण आपल्याकडे मेलेल्याची जात कळली की जिवंताचीही कळते. म्हणून नियम असा हवा: सूची सगळ्यांसाठी, पण सूचीत फक्त नाव, बापाचं किंवा आईचं नाव, साल आणि कागद कुठं आहे ते. जातीचा रकाना सूचीत नको. पूर्ण पान त्या घराच्या वारसालाच. आज काय चाललं आहे? आज हीच पानं दलालांच्या फोनमध्ये आहेत आणि घरच्यांनाच मिळत नाहीत. लपवून कुणाचं रक्षण झालं?

तीन: "गाव गाव काय करता, भटक्यांना गाव कुठं होतं?" हे अर्धं बरोबर आहे. गाव हा काही पवित्र शब्द नाही, गावकुसाबाहेर कोण राहत होतं हे आपल्याला ठाऊक आहे. पण ज्यांना १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांचीही हजेरी कुठल्या तरी ठाण्यावर लागत होती. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणाआड जी माणसं ठेवली, त्यांच्या सुटकेचं साल १९५२. त्यांचा कागद शोधायचा तर तोही ठाण्यावर आणि जिल्ह्यावरच शोधावा लागणार, आडनावाच्या मंडळात नाही.

आणि हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही. पण तेव्हा काय झालं ते बघा. महसुलाचे, शाळांचे, पोलिसांचे, तुरुंगाचेसुद्धा जुने कागद बाहेर आले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, काही महिन्यांत ५० लाखांहून जास्त नोंदी सापडल्या आणि त्यांतल्या कितीतरी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. म्हणजे कागद होते. शोधायची गरज सत्तेला वाटेपर्यंत ते कपाटात होते, एवढंच. प्रत्येक समाजाला लाखांचे मोर्चे काढता येत नाहीत. बाकीच्यांसाठी कपाट कोण उघडणार?

मग करायचं काय

जून महिन्यात मी गावी गेले. तहसीलला नक्कल मागणीचा अर्ज दिला, आमच्या पणजोबांच्या नावच्या गटांचे जुने फेरफार मागितले. तिसऱ्या खेपेला मिळाले. ३२-ग खाली किंमत ठरल्याच्या नोंदी, नंतर ३२-म ची प्रमाणपत्रं. चौदा नावं. त्यांतली तीन बायकांची, नवऱ्याच्या नावापुढे 'मयत' लिहिलेल्या. ती चौदा नावं मी ग्रंथाच्या माझ्या प्रतीत, त्या चार शब्दांच्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीनं लिहिली. आजोबांच्या अपत्यांत चौथं नाव लिहिलं. मला फार बरं वाटलं.

मग त्या चौदांपैकी एका घरी ते पान घेऊन गेले. ज्यांचं आजोबांचं नाव यादीत होतं, ते गृहस्थ साठीचे. त्यांनी चहा दिला, पान नीट वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, आमची नावं तुमच्या पुस्तकात कशाला?"

मी काहीतरी बोलले, इतिहास अपुरा आहे वगैरे.

ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात आम्ही तुमची कुळंच राहणार. आमचं आम्ही लिहू. तुम्ही कागद द्या."

परतीच्या एस.टी.त मी ते पेन्सिलीनं लिहिलेलं पुन्हा पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना आमच्या समासात जागा देत होते आणि त्याला न्याय समजत होते. आत्याचंही तेच. तिला पुढच्या आवृत्तीत घ्या म्हणून मी भांडत होते, पण ग्रंथाचा सांगाडाच असा आहे की ती आली तरी तिची मुलं येणार नाहीत.

म्हणून मंडळाकडे माझी आता आत्याच्या नावाची मागणी नाही. मागणी अशी आहे: तुमचे मोडी वाचणारे सभासद महिन्यातून एक रविवार तालुक्याला द्या. वाड्यांतले आणि मंडळाच्या कपाटांतले गावाचे कागद स्कॅन करून त्या गावांना परत द्या. शिष्यवृत्तीच्या पैशांतून वर्षाला एका मुलीला मोडी शिकवा, ती कुठल्याही आडनावाची असो.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचता आहात, तुमच्याकडे मंडळाकडे नव्हतं असं एक हत्यार आहे, ते तुमच्या हातातच आहे. पुढच्या वेळी गावी गेलात की आजीकडून तिच्या आईचं, तिच्या आजीचं माहेरचं नाव आणि गाव रेकॉर्ड करून घ्या. शाळेच्या मुख्याध्यापकांना जुनं जनरल रजिस्टर कुठं आहे ते विचारा. फोटो काढू दिले नाहीत तरी ते कोरडं आणि वाळवीपासून लांब ठेवलं आहे ना, एवढं बघा. सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर कितीतरी जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन केलेले मिळतात, ते एकदा उघडून पाहा. आणि तालुक्यात पाच जण जमवा. अट एकच, पाचांची आडनावं पाच हवीत, आणि ती एकाच आळीतली नकोत.

आमच्या तालुक्यात असे सात जण झालो आहोत. त्यात ते साठीचे गृहस्थ आहेत, माझी आत्या आहे, शाळेतल्या एक बाई आहेत. पहिली बैठक आमच्या जुन्या घरी घ्यावी असं मी सुचवलं होतं, कारण तिथं जागा मोठी आहे आणि कागदही तिथंच आहेत.

त्यांचा फोन आला. म्हणाले, "बैठक शाळेत ठेवा. खोतांच्या ओटीवर नको. कागद तेवढे घेऊन या."

घेऊन जाणार आहे. दोन ट्रंका आहेत.